वखारीतील श्वान आणि श्रावकधर्म

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी मी धान्याच्या व्यापारावर अथवा बाजार समितीच्या कारभारावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारे बंधू संघात पुष्कळ आहेत. मी मात्र अशा एका प्रश्नावर चार शब्द लिहिण्याचे ठरविले आहे, की ज्याने मध्यंतरी माझी झोप उडविली होती आणि जो आपल्यापैकी प्रत्येक वखारवाल्या बंधूच्या दारात रोज शेपूट हालवीत उभा असतो. हा प्रश्न म्हणजे वखारीतील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा. विषय काहींस क्षुद्र वाटेल, काहींस संकोचाचा वाटेल. परंतु मुंगीची रांग दिसताच पाऊल बाजूला घेण्याची शिकवण ज्या समाजात घरोघर दिली जाते, त्या समाजाने या विषयाकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे.

बेळगावच्या बाजारात आमची ज्वारी, गहू व तांदूळ यांची घाऊक पेढी आहे. तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात हमालांनी वखारीच्या पडवीत भिजलेली दोन पिल्ले आणून ठेवली. एक नर व एक मादी, सख्खी भावंडे. हमालांच्या मुलांनी त्यांची नावे मोत्या आणि चिमणी अशी ठेविली. चार महिन्यांत ती अशी फोफावली की त्यांना आवरणे कठीण झाले. पोत्यांच्या थप्पीवर चढावे, माथ्यावरून खाली उडी घ्यावी, ताडपत्री ओढावी, सुतळीचे बिंडे पळवावे, दिवाणजींची एक चप्पल नेऊन भुशात पुरावी, हा त्यांचा नित्यक्रम. रात्री मात्र आवारात परक्या माणसाचे पाऊल पडले की दोघे मिळून सारी पेठ जागी करीत. त्यामुळे सर्वांचाच त्यांच्यावर लोभ जडला.

चिमणी आठव्या महिन्यात प्रथम माजावर आली आणि आवाराचे स्वरूपच बदलले. कोठकोठली आठ-दहा कुत्री फाटकाशी जमू लागली. रात्रभर भांडणे चालत. मोत्याचा कान एका झुंजीत फाटला. तेव्हा हमालांचा मुकादम मला म्हणाला, "मालक, ह्या दोघांस्नी दवाखान्यात नेऊन आणू काय? आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचं आपरेशन करून आणलंय, काय झालं नाही त्यांस्नी." मी त्याला तत्काळ उत्तर दिले, "असले पाप आपल्या हातून नको." त्या दिवशी मी स्वतःस मोठा धर्मनिष्ठ समजलो, हे येथे प्रांजळपणे लिहितो.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. त्याप्रमाणे दोन महिन्यांनी रिकाम्या पोत्यांच्या ढिगामागे चिमणीने सहा पिल्लांना जन्म दिला. पिल्लांचे डोळे उघडले, ती रांगू लागली, आणि मग माझ्या धर्मनिष्ठेचा हिशेब सुरू झाला. दोन पिल्ले मागे येणाऱ्या मालमोटारीच्या चाकाखाली एकाच दुपारी गेली. पुढील पंधरवड्यात रक्ताच्या हगवणीने दोन दगावली. एक पिल्लू खानापूरकडील एका शेतकऱ्याने नेले. सहावे कोठे गेले, ते आजतागायत कळलेले नाही. याच काळात मुकादमाची आठ वर्षांची मुलगी कौतुकाने पिल्लांजवळ गेली असता चिमणीने तिच्या पोटरीचा चावा घेतला. कोणी जखमेवर हळद व तिखट भरू लागले. सुदैवाने दिवाणजींस योग्य माहिती होती. त्यांनी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली आणि मुलीस तडक रुग्णालयात नेले. लसीची सर्व इंजेक्शने ठरल्या तारखांस पुरी झाली, मुलगी सुखरूप आहे. मुकादमाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

त्या रात्री प्रथमच माझ्या मनात आले, की शस्त्रक्रियेचे पाप टाळून मी कोणते पुण्य जोडले? सहा जीव जन्मास आले, त्यांपैकी चार तडफडून गेले. हे सारे माझ्या आवारात, माझ्या अन्नावर वाढलेल्या प्राण्यापासून घडले. हाताने केले नाही, एवढ्यावरून त्याचा भार माझ्यावर नाही असे म्हणता येईल काय? कुत्री वर्षातून साधारणतः दोन वेळा माजावर येते. म्हणजे पुढील सहा-सात महिन्यांत हेच पुन्हा घडणार, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही स्वस्थ बसणे याला अज्ञान म्हणता येत नाही.

घरी हा विचार बोलून दाखविताच मातोश्रींनी विरोध केला. त्यांचे वय सत्त्याऐंशी. चौविहार त्यांनी आजवर मोडलेला नाही. त्या म्हणाल्या, "मुक्या जिवाला कापायला नेतोस होय रे? त्याने कोणाकडे दाद मागायची?" या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

शास्त्राच्या बाजूने पाहता मातोश्रींचे म्हणणे निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे ते पाच होत. त्यांतील छेद म्हणजे प्राण्याचा अवयव कापणे. याहूनही स्पष्ट उल्लेख श्रावकास वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत आहे. त्यांपैकी निर्लांछन कर्माचा अर्थ सांगताना बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात नाक टोचणे, डाग देणे, अंडच्छेद करणे, कान कापणे या गोष्टींची गणना केली आहे. तेव्हा हा विषय आपल्या पूर्वाचार्यांच्या दृष्टीआड होता असे नव्हे.

मी हा पेच एका अभ्यासू पंडितजींपुढे मांडला. त्यांनी मला अनुज्ञा दिली नाही आणि निषेधही केला नाही. ते म्हणाले, "कर्मादाने ही उपजीविकेची साधने म्हणून वर्ज्य आहेत. बैल खच्ची करून त्याच्याकडून अधिक काम काढावे आणि त्यावर पोट भरावे, हा तेथील हेतू. तुमचा हेतू तो नाही. परंतु तेवढ्यावर सुटलो असे समजू नका. शस्त्र लावले की वेदना आहे, आणि वेदना आहे तेथे हिंसा नाही असे म्हणू नये. प्रमादाने, म्हणजे बेसावधपणाने व कषायाने केलेला प्राणघात ती हिंसा, असे सूत्रकार सांगतात. आता तुमच्या वखारीत प्रमाद कोठे आहे ते तुम्हीच पाहा." त्यांच्या या शेवटच्या वाक्याने मला जागे केले. पिल्ले चाकाखाली जात असताना मी गादीवर बसून भाव ठरवीत होतो. प्रमाद तेथे होता.

हा पेच व्यापारी समाजापुढे आजच उभा राहिला असेही नाही. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी बंधूंनी पुढाकार घेऊन बाजार बंद पाडला. हिंदू व जैन व्यापारीही त्यात सामील झाले आणि मोठा दंगा झाला. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि आपल्या समाजातील शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. नुसता विरोध करून ते थांबले नाहीत. त्या प्राण्यांची सोय त्यांनी स्वतःच्या पैशाने केली, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा प्रसंग १९२६ सालचा. अहमदाबादचे गिरणीमालक शेठ अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारातील साठ कुत्री मारविली. शेठजी स्वतः जैन कुळातील. महात्मा गांधींनी त्यांची बाजू घेतली, तेव्हा गुजरातेत केवढे काहूर उठले! रागाने भरलेल्या पत्रांना उत्तर म्हणून गांधीजींनी 'यंग इंडिया' व 'नवजीवन' या पत्रांतून लेखमाला लिहिली. कुत्र्यास तुकडा टाकून पुण्य जोडणारे लोक त्याची जबाबदारी मात्र घेत नाहीत, धनी नसलेले कुत्रे हे समाजाच्या खोट्या दयेचे फळ आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मारण्याचा त्यांचा निष्कर्ष आपल्यास मान्य होणार नाही. परंतु तुकडा टाकणाऱ्यावर त्यांनी ठेवलेला दोष खोडून काढणे मला तरी जमलेले नाही. वखारीच्या दारात रोज भाकरी टाकणारा मीच होतो.

मारणे आणि दुर्लक्ष करणे या दोन वाटांखेरीज तिसरी वाट आज उपलब्ध आहे. मद्रासमध्ये 'ब्लू क्रॉस ऑफ इंडिया' या संस्थेने १९६४ साली कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे काम हाती घेतले, आणि १९९६ साली तेथील महापालिकेने तो मार्ग स्वीकारला. पुढे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली देशासाठी नियम झाले. त्यांची जागा २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांनी घेतली. रस्त्यावरील कुत्रे पकडावे, त्यावर शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोचावी आणि जेथून आणले तेथेच सोडावे, असे या नियमांचे सार आहे. ओळखीसाठी कानास लहानशी खाच करतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हीच रीत मान्य केली, मात्र रेबीज झालेली व आक्रमक कुत्री त्यातून वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके येथील कुत्री हलविण्यास न्यायालयाने सांगितले. शेजारच्या गोव्यात लसीकरणाचे काम नेटाने झाले, आणि २०२१ साली ते रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित होणारे देशातील पहिले राज्य ठरले. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात, असा अंदाज आहे. त्यात मोठा वाटा आपल्या देशाचा आहे. मुकादमाच्या मुलीस लस मिळाली नसती तर काय झाले असते, हा विचार मी आजही फार वेळ करू शकत नाही.

अखेर मोत्या व चिमणी यांस मी स्वतः दवाखान्यात नेले. मुकादमास धाडणे सोपे होते. परंतु जे करावयाचे ते दुसऱ्याच्या हातून करवून आपण नामानिराळे राहणे मला प्रशस्त वाटले नाही. हे काम करू इच्छिणाऱ्या बंधूंस उपयोग व्हावा म्हणून थोडा तपशील देतो. पिल्ले दूध पीत असताना आईची शस्त्रक्रिया करीत नाहीत, ती तुटेपर्यंत थांबावे लागते. मादी माजावर असताना रक्तस्राव अधिक होण्याचा संभव असतो, म्हणून ते दिवसही टाळतात. आधी रेबीज व इतर रोगांच्या लसी टोचून घ्याव्या. आदल्या रात्रीपासून अन्न देऊ नये, कारण भूल दिल्यावर ओकारी झाल्यास जिवावर बेतते. नराचे वृषण काढतात, हे काम थोडक्यात आटोपते. मादीचे पोट थोडेसे उघडून बीजकोश व गर्भाशय काढावे लागते, म्हणून तिची शस्त्रक्रिया मोठी. दोन्ही पूर्ण भुलीखाली होतात आणि नंतर वेदनाशामक औषधे देतात. मादीस उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जो जीवघेणा आजार होतो, तो यामुळे टळतो. शस्त्रक्रिया लहान वयात झाल्यास स्तनाच्या गाठींचे भयही पुष्कळ कमी होते.

खरी परीक्षा पुढे असते. डॉक्टरांनी बजाविले होते, की दहा ते चौदा दिवस उड्या नाहीत, धावणे नाही, जखम चाटणे नाही. शांत स्वभावाच्या कुत्र्यास हे जमते. आमच्या या दोन वावटळींस भूल उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीच आपणास काही झाले आहे याचा विसर पडला. जखम चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर बांधली होती. ती चिमणीने दाराच्या चौकटीवर आपटून आपटून पेढीच्या कामात रोज व्यत्यय आणला. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती साखळीस बांधलेली अशी केविलवाणे रडू लागली, की माझ्याने ते पाहवेना. बंध हाही अतिचारच, असे मनाशी म्हणून मी साखळी सोडली. क्षणार्धात ती धावत सुटली, ज्वारीच्या थप्पीवर चढली आणि सवयीप्रमाणे वरून खाली उडी घेतली. एक टाका तुटला, जखमेतून रक्त येऊ लागले. रात्री पुन्हा दवाखाना, पुन्हा भूल, पुन्हा टाके. डॉक्टर मला म्हणाले, "शेठजी, तुम्ही दया दाखवलीत, पण ती दया तिला भोगावी लागली." डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. परंतु त्यांचे ते वाक्य मी मान खाली घालून ऐकले.

तेव्हापासून मी स्वतः तिच्याजवळ बसू लागलो. सकाळ-संध्याकाळ साखळी हातात धरून आवारात संथ फेरी, बाकी वेळ पेढीच्या आतल्या खोलीत. तिचे मन रमावे म्हणून नातू भाकरीचे तुकडे पोत्याच्या घड्यांत लपवून ठेवी आणि ती नाकाने शोधून काढी. जोमदार कुत्र्यास नुसते बांधू नये, त्याच्या डोक्यास काम द्यावे, ही डॉक्टरांचीच सूचना. बाराव्या दिवशी टाके निघाले. मोत्याचे सारे सुरळीत पार पडले. मात्र नर शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे प्रजननक्षम राहू शकतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. तेवढे दिवस त्यास वेगळे ठेवणे इष्ट.

अनेक बंधू विचारतात, की कुत्रे मग सुस्त होते काय, राखण सोडते काय? माझा अनुभव असा, की जोम तसूभरही कमी झाला नाही. आजही दिवाणजींची चप्पल सुरक्षित नाही, आणि रात्री फाटकाशी खुट्ट झाले की दोघे मिळून भुंकतात. कमी झाले ते मोत्याचे भटकणे, झुंजी आणि जागोजाग मुतणे. चिमणीमागे जमणारी टोळी बंद झाली आणि रात्री शांत झाल्या. शस्त्रक्रियेनंतर वजन वाढू लागते, म्हणून अन्न बेताने द्यावे लागते. चिमणीच्या भाकऱ्या चाराच्या तीन केल्या, तेव्हा मातोश्रींनी अन्नपाननिरोधाची आठवण करून दिलीच!

मातोश्रींचे मत आजही बदललेले नाही. हे हिंसेचेच कर्म, असे त्या म्हणतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालीत नाही, कारण पंडितजींनीही मला तेच सांगितले होते. मात्र चिमणी आजारी असता सूर्यास्तापूर्वी तिला दूध-भाकरी मिळाली की नाही, याची चौकशी त्यांनी एक दिवसही चुकविली नाही. त्यांचा विरोध मला आता अडचणीचा वाटत नाही. त्या विरोधामुळेच मी हे काम सहज, हसतखेळत केले नाही. जीवास शस्त्र लावताना ज्याच्या मनास काहीच वाटत नाही, त्याच्या हातून शुश्रूषाही नीट होणार नाही.

तेव्हा संघाच्या सदस्य बंधूंस माझी नम्र विनंती एवढीच आहे. ज्याच्या वखारीत अथवा दुकानाच्या पायरीवर कुत्री आहेत आणि जो त्यांस रोज अन्न देतो, त्याने त्यांची लस व शस्त्रक्रिया आपल्या खर्चाने व आपल्या देखरेखीखाली करवावी. आपल्या आवाराबाहेरील मोकाट कुत्र्यांबाबत नगरपालिकेकडे व मान्यताप्राप्त प्राणिसंस्थांकडे संघाने मिळून पाठपुरावा करावा. शस्त्रक्रियेनंतर प्राण्यांस दहा-बारा दिवस ठेवण्यास जागा लागते. ज्यांची एखादी खोली रिकामी असेल त्यांनी ती द्यावी. मोतीशा शेठींच्या काळी समाजाने पांजरापोळ उभारला, आपण निदान एक खोली देऊ शकतो. हे सर्व करताना आपण पुण्य जोडीत आहोत असा गर्व मात्र नसावा. हे जुने देणे आहे, ते उशिरा का होईना फेडीत आहोत, एवढी जाणीव पुरे.

त्या चार पिल्लांचे देणे माझ्या खाती राहिलेच आहे. ते फेडण्याचा मार्ग मला सापडलेला नाही. पाचवे पिल्लू खानापूरकडे आता चांगले मोठे झाले आहे, असे तो शेतकरी गेल्या सुगीत ज्वारी घेऊन आला तेव्हा सांगत होता. त्याची शस्त्रक्रिया झाली काय, असे मी त्यास विचारले. झाली नव्हती. खर्च मी देईन, पण शस्त्रक्रियेनंतर चौदा दिवस त्यास सोडू नका, काही झाले तरी सोडू नका, असे मी त्यास दोनदा सांगितले. इत्यलम्.